उन्हाळ्यापुरता रचनाकार

गुस्ताव माहलरबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. पहिलं असं, की ऑपेराच्या नोकरीनं एका थोर रचनाकाराची उमेदीची वर्षं गिळली. दुसरं असं, की ती नोकरी नसती तर त्याच्या सिंफनी मुळात अशा झाल्याच नसत्या. इथं ही मतं मी एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा निवृत्त आहे, सवाई गंधर्वच्या मांडवात रात्री जागवलेला आणि किराणा घराण्यावर जीव टाकणारा. भाची मुंबईत वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. नातं मी माझ्या सोयीनं जोडलंय. मामा-भाचीला आवाज चढवून बोलता येतं आणि अबोला फार टिकत नाही. मी स्वतः कुठल्या बाजूचा, ते मधूनमधून कळेलच.

मामा: मी हिशेबानंच सुरुवात करतो. जन्म ७ जुलै १८६०, बोहेमियातलं कालिश्ट नावाचं खेडं. मृत्यू १८ मे १९११, व्हिएन्ना. म्हणजे एक्कावन्न वर्षंही पुरी नाहीत. त्यातली तीस वर्षं, विशीपासून थेट शेवटच्या आजारापर्यंत, हा माणूस दुसऱ्यांची कामं बसवत होता. बाट हाल, लायबाख, ओल्म्यूत्स, कासल, प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हॅम्बुर्ग, व्हिएन्ना, न्यूयॉर्क. एवढ्या बदल्या तर मामलेदाराच्याही होत नाहीत. आणि स्वतःच्या सिंफनी कधी लिहायच्या? उन्हाळ्यात, थिएटरला सुट्टी लागल्यावर.

भाची: पहिली नाही हं. पहिली त्यानं लाइपझिगला, हंगाम चालू असताना लिहिली.

मामा: अगं, तेच सांगतोय! १८८८ च्या मार्चमध्ये कैसर पहिला विल्हेल्म वारला. दुखवटा म्हणून थिएटरं दहा दिवस बंद. तेवढ्यात ह्यानं सकाळपासून रात्रीपर्यंत बसून सिंफनी हातावेगळी केली. सम्राट मरावा तेव्हा कुठं ह्याला सवड मिळावी!

भाची: आणि तेवढ्या सवडीत एक अख्खी सिंफनी पुरी होते, हे तुला नवल वाटत नाही?

मामा: वाटतं ना. म्हणूनच जीव हळहळतो. आणि ही माझी एकट्याची हळहळ नाही, त्याची स्वतःचीही होती. विसाव्या वर्षी त्यानं 'दास क्लागेंडे लीड' ही मोठी रचना पुरी केली आणि ती व्हिएन्नाच्या बेथोवन पारितोषिकासाठी पाठवली. परीक्षकांत ब्राम्स होता. १८८१ मध्ये निकाल लागला, पारितोषिक दुसऱ्याला गेलं. पुढं माहलर म्हणायचा, की ते मिळालं असतं तर माझ्यामागचं हे ऑपेराचं झेंगट टळलं असतं. ज्याचं दुखणं तोच सांगतोय, आता तू त्याला समजावणार?

भाची: पारितोषिक हुकायच्या आधीच तो बाट हालला हंगामी नोकरी करून आला होता, ते कुठं गेलं? आणि त्याच ब्राम्सची पुढची गोष्टही सांग की. १८९० च्या डिसेंबरात बुडापेस्टला त्यानं माहलरनं बसवलेला मोझार्टचा 'डॉन जोव्हानी' ऐकला. गेला होता म्हणे मनाविरुद्ध, आणि बाहेर पडला तो कौतुक करत. व्हिएन्नाच्या नेमणुकीच्या वेळी ब्राम्सचा हा चांगला शब्द कामी आला. म्हणजे रचना घेऊन आला तेव्हा ज्यानं दार उघडलं नाही, त्यानंच कंडक्टरला आत घेतलं.

मामा: मग त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं.

भाची: थांब, अजून मी सुरूच केलेलं नाही. दुसरी सिंफनी घे. तिचा पहिला भाग १८८८ लाच लिहून झाला होता. हॅम्बुर्गला आल्यावर त्यानं तो पियानोवर हान्स फॉन ब्यूलोला ऐकवला. ब्यूलो म्हणजे त्या काळातला सगळ्यात नावाजलेला कंडक्टर. त्यानं कानांवर हात ठेवले! पुढं मधले भाग झाले, पण शेवट सुचेना. गाणं आणायचं हे ठरलं होतं, पण शब्द कुठले? १८९४ मध्ये ब्यूलो कैरोला वारला. हॅम्बुर्गच्या सेंट मायकेल चर्चमध्ये शोकसभा झाली, तिथं मुलांच्या वृंदानं क्लॉपश्टॉकचं पुनरुत्थानाचं गीत म्हटलं, आणि माहलरला शेवट सापडला. ब्यूलोनं हॅम्बुर्गमध्ये ह्या तरुणाला मानाची वागणूक दिली होती, तो आजारी पडल्यावर त्याच्या मैफली ह्यानं केल्या होत्या. हॅम्बुर्गची नोकरी नसती तर तो त्या चर्चमध्ये बसलेला नसता.

मामा: तिथं दुसरं काहीतरी सुचलं असतं! योगायोगाचं श्रेय नोकरीला कसलं देतेस? आणि त्याच दुसऱ्या सिंफनीचा पहिला पूर्ण प्रयोग १८९५ च्या डिसेंबरात बर्लिनला झाला, तेव्हा तिकिटं खपली नाहीत. खर्च ह्यानं आणि हॅम्बुर्गच्या दोन हितचिंतकांनी सोसला, जागा भरायला संगीताच्या विद्यार्थ्यांना फुकट बोलवावं लागलं. सबंध युरोपभर कंडक्टर म्हणून नाव, आणि स्वतःची रचना ऐकवायला पदरमोड.

(इथं मला मामाच्या बाजूनं दोन शब्द घालावेसे वाटतात. ऑपेराच्या कारकिर्दीची मोजदाद करताना आपण नेमणुका मोजतो, संध्याकाळी मोजत नाही. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक म्हणजे नुसता काठी हलवणारा नव्हे. गायकांचे करार, रुसवेफुगवे, दरबारी अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार, आणि रोज रात्री पडदा वर जायलाच हवा ही टांगती तलवार. त्या जागेसाठी त्यानं २३ फेब्रुवारी १८९७ ला हॅम्बुर्गमध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला, कारण ज्यू माणसाला ती मिळणं अशक्यच होतं. मिळाल्यावरही ज्यूद्वेष्ट्या वर्तमानपत्रांनी त्याला दहा वर्षं सोडलं नाही.)

भाची: तू त्या दहा वर्षांत त्यानं काय केलं ते बघ. पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी टोळकी बंद केली. उशिरा येणाऱ्यांना वादन चालू असताना आत सोडायचं नाही. प्रेक्षागृहातले दिवे मंद. वाग्नरच्या ऑपेरांना लावलेली कात्री काढून टाकली. १९०३ मध्ये चित्रकार आल्फ्रेड रोलरला हाताशी धरून 'ट्रिस्टान' अशा प्रकाशयोजनेत उभा केला, की ऑपेराच्या रंगमंचाची रीतच बदलली. लोक परंपरा म्हणून जे सांगायचे, त्याला तो सरळ आळस म्हणायचा.

मामा: हे सगळं थोर. पण हे आज कुठं आहे? त्याची एकही रात्र ध्वनिमुद्रित नाही. चार गाणीबजावणी त्यानं १९०५ मध्ये पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळीवर वाजवून ठेवली, तेवढंच. आमच्याकडं भास्करबुवा बखल्यांचं गाणं राहिलं नाही म्हणून आम्ही शंभर वर्षं हळहळतोय. गेलेल्या रात्री गेल्या. राहिल्या त्या सिंफनी. मग त्या आणखी चार असत्या तर?

भाची: मामा, मी व्हायोलावाली आहे. आम्ही मध्यभागी बसतो, आमच्याकडं कुणी बघत नाही, आमचं कुणी ऐकत नाही. बऱ्याच रचनाकारांच्या नोटेशनमध्ये व्हायोलाला उरलंसुरलं काम असतं. माहलरच्या पानावर तसं नसतं. प्रत्येक वाद्याला वेगळा जोर लिहिलेला: एकाच क्षणी तुतारी हळू, बासरी जोरात, आम्ही मधेच फुगून लगेच ओसरायचं. घाई करू नका, रेंगाळू नका, हे जर्मनमध्ये पानोपानी. पहिल्या सिंफनीच्या शेवटी सगळ्या हॉर्नवाल्यांनी उभं राहून वाजवायचं. दुसऱ्या सिंफनीत पहिल्या भागानंतर किमान पाच मिनिटं थांबायचं. हे बंद खोलीत पियानोपाशी बसलेल्या माणसाला सुचत नाही. हे हजार रात्री वादकांसमोर उभं राहून, कोण कुठं धावतो आणि कोण कुठं झोपतो हे माहीत झालेल्या माणसाचं लिखाण आहे.

मामा: मला तर तो धाक वाटतो. वादकावर इतका अविश्वास? आमच्याकडं बंदिश चार ओळींची. बाकी गाणाऱ्याच्या हवाली.

भाची: तो अविश्वास वादकांवर नाही, पुढच्या कंडक्टरवर आहे! तो कंडक्टरांना ओळखून होता. स्वतः काय काय करतो, हे त्याला ठाऊक होतं ना.

मामा: हां, आता आलीस. बेथोवन.

भाची: हो, बेथोवन. १८ फेब्रुवारी १९०० ला त्यानं व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून बेथोवनची नववी सिंफनी करून घेतली, आणि तिच्या वाद्ययोजनेत स्वतःच्या मतानं बदल केले. हॉर्न वाढवले, काही जागी नव्यानं भर घातली. गदारोळ झाला, तेव्हा त्यानं खुलाशाचं पत्रक छापून वाटलं: बेथोवनला ऐकू येत नव्हतं, त्याच्या काळच्या तुताऱ्यांना सगळे सूर निघत नव्हते, आता तंतुवाद्यं दुप्पट झाली आहेत, म्हणून त्याच्या मनात होतं ते ऐकू यावं एवढ्यासाठी हे केलं. मला तू काहीही सांग, हे मला पटत नाही. लिहिलंय ते वाजवावं.

मामा: आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही! गाणाऱ्यानं जागा बदलली तर आम्ही मान डोलावतो.

(म्हणजे इथं पाट बदलले. कंडक्टर माहलरची वकील असलेली भाची त्याच्या सगळ्यात धाडसी कृत्यावर नाराज, आणि रचनाकारासाठी गळा काढणारा मामा त्यालाच दाद देतोय. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही. माहलरवर बोलायला बसलं, की अर्ध्या तासात कुणीही आपल्या मूळ जागेवर उरत नाही.)

मामा: माझी अडचण वेगळी आहे. बेथोवनला हात लावला ते ठीक. पण ह्यानं स्वतःला तरी कुठं सोडलं? पाचवी सिंफनी १९०४ मध्ये कोलोनला झाली. त्याआधी व्हिएन्नात तालमीला बसला आणि ढोलताशांचा भाग सपासप छाटला. पुढं प्रत्येक प्रयोगानंतर छाटतच राहिला. मरणाच्या तीन महिने आधी, १९११ च्या फेब्रुवारीत, एका पत्रात लिहितो, की पाचवी आता कुठं पुरी झाली. दहा वर्षांपूर्वी सुरू केलेली रचना! इतकी वर्षं त्यात नवीन काहीतरी लिहून झालं असतं.

भाची: आणि जुनी पाचवी आम्ही वाजवली असती, ती तुला पत्र्याच्या शेडवर पाऊस पडल्यासारखी ऐकू आली असती.

मामा: सहावीचं काय मग? तिथं तर तुझ्या कंडक्टरनं माझ्या रचनाकाराला हुकूमच सोडला.

भाची: सहावीचं मला स्वतःलाही कोडं आहे. रचताना त्यानं दुसरा भाग स्केर्त्सो ठेवला, तिसरा आंदांते. तशीच ती छापली गेली. १९०६ च्या मे महिन्यात एसेनला तालमी झाल्या, आणि पहिल्याच प्रयोगाला त्यानं क्रम उलटा केला. नंतर स्वतः जितक्या वेळा केली, उलट्या क्रमानंच. आंतरराष्ट्रीय माहलर संस्थेच्या १९६३ च्या संशोधित आवृत्तीनं पुन्हा मूळ क्रम लावला, आणि चाळीस वर्षांनी त्याच संस्थेनं मत फिरवलं. आता कंडक्टर येतो आणि तालमीच्या पहिल्या दिवशी सांगतो, कुठला भाग आधी.

मामा: आणि तो हातोडा? शेवटच्या भागात तीन घाव होते ना?

भाची: तीन होते, तिसरा काढला. त्याची एक भाबडी कथा सांगतात, त्याच्या बायकोच्या, अल्माच्या आठवणींतून आलेली. १९०७ मध्ये माहलरवर तीन घाव पडले: व्हिएन्नाची जागा सुटली, थोरली मुलगी मारिया गेली, आणि डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचा दोष सांगितला. म्हणून तो तिसऱ्या घावाला भ्याला. पण मामा, घाव काढला १९०६ मध्ये, मुलगी गेली १९०७ च्या जुलैत. तारखाच जुळत नाहीत. तालमीत ऐकलं आणि त्याला वाटलं, तिथं नको. बस. कंडक्टरचं कारण साधं असतं, म्हणून कुणाला आवडत नाही.

मामा: अल्माचं नाव तूच काढलंस ते बरं झालं. ह्या सगळ्या गणितात तिचं काय? १९०१ च्या डिसेंबरात, लग्नाआधी, त्यानं तिला ते लांबलचक पत्र लिहिलं: घरात दोन रचनाकार चालायचे नाहीत, तू तुझं संगीत सोड. तिनं सोडलं. हा माझा लाडका रचनाकार, पण ते पत्र वाचलं की चीड येते.

भाची: तू आतापर्यंत त्याला नोकरीनं पिळलेला बिचारा म्हणत होतास. ते पिळणं पुढं कुणाकडं गेलं, ते बघ. वर्षातले दोन महिने हाताशी. मायर्निगला तळ्याकाठी बंगला, मागच्या रानात लिहायची झोपडी. अल्मा लिहिते, की स्वयंपाकीण न्याहारी घेऊन वेगळ्या निसरड्या वाटेनं वर जायची, का, तर सकाळी साहेबांच्या नजरेला माणूस पडायला नको. तिच्या आठवणी तशाच्या तशा धरायच्या नाहीत हे मला माहीत आहे, तारखांची फिरवाफिरव तिनं बरीच केली आहे. पण ह्या झोपडीचं मला पटतं. साठ दिवसांत सिंफनी लिहायची तर अख्खं घर चिडीचूप ठेवावं लागतं, आणि ते बाईनं ठेवायचं.

मामा: म्हणजे नोकरी वाईटच.

भाची: मी नोकरी चांगली कधी म्हटलं? मी म्हटलं, तिच्याशिवाय हे संगीत झालं नसतं. ह्या दोन गोष्टी एक नाहीत. आणि नोकरी नसती तर त्यानं अल्माला लिहू दिलं असतं, असं तुला वाटतं? १९१० मध्ये तिचं मन वाल्टर ग्रोपियसकडं वळलंय हे कळलं, तेव्हा गडबडून हा हॉलंडात लायडनला जाऊन फ्रॉइडला भेटला, आणि मग अचानक तिची गाणी ह्याला सुंदर वाटायला लागली. पाच गाणी त्याच वर्षी छापून आली. नोकरी तर न्यूयॉर्कमध्ये चालूच होती. वेळेचा प्रश्न नव्हताच तो.

(ह्यावर मामा काही बोलत नाही, आणि मीही त्याच्या तोंडी काही घालणार नाही.)

मामा: बरं, मी आता माझा हुकमाचा पत्ता टाकतो. २४ फेब्रुवारी १९०१. दुपारी फिलहार्मोनिकची मैफल, संध्याकाळी ऑपेरात 'मॅजिक फ्लूट'. एका दिवसात दोन. रात्री इतका रक्तस्राव झाला, की मरता मरता वाचला. एप्रिलमध्ये फिलहार्मोनिकची जबाबदारी सोडली. आणि त्या उन्हाळ्यात काय झालं? र्‍यूकर्टच्या कवितांवरची गाणी, 'किंडरटोटनलीडर'मधली तीन, पाचव्या सिंफनीचे भाग. थोडं ओझं उतरलं तर एवढं पीक!

भाची: त्याचा अर्धा पुरावा मी मान्य करते. उरलेला अर्धा असा, की ते ओझं तीन वर्षं वाहिल्यावर त्याचं लिहिणं बदललं. पाचवीपासून वाद्यं एकमेकांना छेदत जातात, प्रत्येक जण वेगळं बोलतो. हे त्या तीन वर्षांत व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमोर उभं राहूनच कानात भरलं, असं मला वाटतं.

मामा: वाटतं.

भाची: हो, वाटतं. तुझं 'आणखी चार सिंफनी'सुद्धा वाटतंच.

मामा: ठीक. मग शेवटची गोष्ट. हजारावर माणसं मंचावर घेऊन त्यानं आठवी म्युनिकला केली, १२ सप्टेंबर १९१० ला. स्वतःची स्वतः पहिल्यांदा ऐकवलेली ही अखेरची सिंफनी. पुढं २१ फेब्रुवारी १९११ ला कार्नेगी हॉलमध्ये अंगात ताप असताना शेवटची मैफल, आणि मेमध्ये संपलं. 'दास लीड फॉन डेर एर्डे' १९०८ च्या उन्हाळ्यात लिहिलं, नववी १९०९ च्या, दोन्ही टोब्लाखला. दोन्ही त्यानं कधी ऐकली नाहीत. ब्रूनो वाल्टरनं पहिलं १९११ च्या नोव्हेंबरात म्युनिकला केलं, दुसरी १९१२ च्या जूनमध्ये व्हिएन्नात. म्हणजे ह्या दोन रचनांवर तालमीचा हात फिरलेला नाही. कात्री नाही, क्रम बदलणं नाही, पत्रक नाही. निव्वळ रचनाकार. आणि लोक त्याच्या सर्वांत श्रेष्ठ रचना कुठल्या म्हणतात? ह्याच दोन.

भाची: हे तू आधी का काढलं नाहीस?

मामा: पत्ता शेवटी टाकायचा असतो.

भाची: चांगला आहे. पण नववी वाजवायला बसल्यावर काय होतं ते मी सांगते. माहलरच्या इतर सिंफनीत शंका आली, तर उत्तर पानावर सापडतं; त्यानं स्वतः अडखळून, छाटून, दुरुस्त करून ठेवलेलं. नववीत तसं नाही. पहिल्या भागात पितळी वाद्यं उसळतात आणि आम्ही त्यांच्याखाली गाडले जातो. हे त्याला तसंच हवं होतं, की पहिल्याच तालमीत त्यानं ट्रॉम्बोनवाल्यांना खाली आणलं असतं? कुणाला ठाऊक नाही. मग काठी धरून समोर उभा असतो तो ठरवतो. बर्लिनचा एक ठरवतो, ॲमस्टरडॅमचा दुसरं. तुझ्याकडं रेकॉर्ड कुठली आहे?

मामा: नववीची नाही बाई, माझ्याकडं दुसऱ्या सिंफनीची आहे. आपला झुबिन मेहता, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७५.

भाची: आपला झुबिन व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कीकडं शिकला. तर माहलरनं नववीवर न केलेलं अर्धं काम असं कुणीतरी कंडक्टर प्रत्येक वेळी करतो. तुझा निव्वळ रचनाकार ऐकायचा असेल तर नोटेशन विकत घे आणि वाच.

मामा: मला नोटेशन येत नाही, हे तुला चांगलं माहीत आहे.

भाची: मग कुणाला तरी ते काम करावं लागणारच. पुढच्या महिन्यात आमच्याकडं दहावीचा अडाजिओ आहे, त्यानं अपुऱ्या ठेवलेल्या सिंफनीतला. ये ऐकायला. तालमीला ये, मैफलीला नको. तिथं आम्ही भांडतो.

मामा: तालमीला तिकीट लागतं का?